टोपीवाल्याच्या माडीवर

जॉनी कॅशच्या फॉल्सम तुरुंगातल्या तबकडीवर एक आरोळी आहे. १३ जानेवारी १९६८ रोजी कॅलिफोर्नियातल्या त्या तुरुंगाच्या जेवणघरात कॅश कैद्यांसमोर गायला. पहिल्याच गाण्यातला कैदी आपण खून का केला ते सांगतो, आणि ते कारण इतकं फुटकळ आहे की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. ती ओळ संपते न संपते तोच श्रोत्यांतून उत्साहाची एक आरोळी उठते. पन्नासेक वर्षं लोक त्या आरोळीवर फिदा आहेत. खुन्याला खुन्यांनी दिलेली दाद! यापेक्षा अस्सल काय असणार?

ती आरोळी त्या दिवशी कुणी ठोकलीच नव्हती. डोक्यावर बंदुकधारी पहारेकरी उभे असताना तुरुंगाविषयीच्या वाक्याला दाद दिली तर मागाहून कोण भोगणार, हे कैद्यांना चांगलं ठाऊक होतं. त्या ओळीला ते गप्पच राहिले. आरोळी नंतर स्टुडिओत जोडली गेली.

गाणाऱ्याचंही तसंच. कॅशने मोठी शिक्षा भोगली आहे, असं मानणारे चाहते आजही भेटतात. प्रत्यक्षात त्याच्या नावावर पोलीस कोठडीतल्या काही सुट्या रात्री आहेत. १९६५ साली एल पासो इथे सीमेपलीकडून आणलेल्या गोळ्या त्याच्या गिटारच्या पेटीत सापडल्या. त्यात झालेली शिक्षाही स्थगित झाली. मग ते गाणं आलं कुठून? हवाई दलात असताना जर्मनीत त्याने फॉल्समवरचा एक चित्रपट पाहिला, आणि गॉर्डन जेंकिन्स या संगीतकाराच्या १९५३ सालच्या तबकडीतलं एक गाणं ऐकलं. चाल तिथली, बरेचसे शब्दही तिथलेच. पुढे कॅशला त्याबद्दल जेंकिन्सकडे पैसे मोजावे लागले.

म्हणून कॅश खोटा ठरतो का? मला तसं वाटत नाही. ती तबकडी मी आजही लावतो आणि ती आरोळी अजूनही अंगावर येते. पण अमेरिकेच्या कंट्री संगीताने स्वतःची ओळखच मुळी ‘तीन कॉर्ड आणि सत्य’ अशी करून दिली आहे. गीतकार हार्लन हॉवर्डच्या नावावर असलेली ही व्याख्या तिथे मंत्रासारखी म्हटली जाते. दुकानाच्या पाटीवरच ‘सत्य’ लिहिलं असेल तर माल एकदा तपासून घ्यायला हरकत नसावी.

त्यासाठी १९२७ साली जावं लागतं, आणि तेही एका टोपीवाल्याच्या माडीवर. ‘टोपी घालणे’ हा वाक्प्रचार अमेरिकनांना माहीत नसणार, नाहीतर त्यांनी दुसरी जागा पाहिली असती.

टेनेसी आणि व्हर्जिनिया या दोन राज्यांची सीमा ब्रिस्टल गावाच्या मुख्य रस्त्याच्या मधोमध जाते. त्या रस्त्यावर टेलर-ख्रिश्चन हॅट कंपनीची इमारत होती. तिची वरची जागा व्हिक्टर कंपनीच्या राल्फ पीअरने घेतली आणि २५ जुलै ते ५ ऑगस्ट या दिवसांत एकोणीस कलाकार आणि संचांची शहात्तर ध्वनिमुद्रणं केली. व्हिक्टर म्हणजे कर्ण्यापुढे कान टवकारून बसलेल्या कुत्र्याची अमेरिकेतली मालकीण. तेच कुत्रं आपल्याकडे ‘हिज मास्टर्स व्हॉइस’च्या तबकड्यांवर बसून घरोघर पोहोचलं.

सुरुवातीला गर्दी बेताची होती. मग स्थानिक वर्तमानपत्रात बातमी आली, की अर्नेस्ट स्टोनमन या गायकाला आदल्या वर्षी तबकड्यांच्या रॉयल्टीचे ३,६०० डॉलर मिळाले. डोंगरातल्या शेतकऱ्याने आणि गिरणी कामगाराने एवढी रक्कम एकगठ्ठा कधी पाहिली नव्हती. मग काय, फिडल, बँजो काखोटीला मारून माणसं डोंगर उतरू लागली. या बारा दिवसांना पुढे कंट्री संगीताचा ‘महास्फोट’ म्हणण्याची पद्धत पडली. ही पहिली दंतकथा. फिडलवादक ‘एक’ रॉबर्टसनचं ध्वनिमुद्रण १९२२ सालीच झालं होतं, आणि १९२३ साली अटलांटात फिडलिन जॉन कार्सनला खुद्द पीअरनेच मुद्रित केलं होतं. कार्सनचं गाणं पीअरला भिकार वाटलं होतं. पाचशे प्रती काढल्या, त्या बघता बघता खपल्या. गाण्याची पारख नसली तरी खपाची होती, आणि ती त्याला आयुष्यभर पुरली.

ब्रिस्टलला १ ऑगस्टच्या सोमवारी कार्टर मंडळी आली. ए. पी. कार्टर, त्याची बायको सारा आणि साराची नात्यातली बहीण मेबेल. मेबेल ए. पी.च्या भावाला दिलेली होती, त्यामुळे जाऊही लागत होती. ती गरोदर होती आणि दिवस भरत आले होते. उसनी मोटार, नदीनाल्यांचा रस्ता, वाटेत टायर बसलेले. पीअर पुढे सांगत असे, की ए. पी. डंगरी घालून आला होता आणि बायका अगदी रानातून उठून आल्यासारख्या दिसत होत्या. मोठं रसाळ वर्णन आहे. पण त्या काळातले त्यांचे फोटो काढून पाहा. ए. पी. कोट-टायमध्ये, बायका साध्या पण नेटक्या पोशाखात. त्या भागातला माणूस गावात कामाला जाताना ठेवणीतले कपडे काढत असे. आपल्याकडे तालुक्याला जाताना इस्त्रीचा सदरा निघतो तसा. डंगरी होती ती बहुधा पीअरच्या डोळ्यांत. त्याच्याकडे गिऱ्हाईक होतं ते डंगरीतल्या गाण्याला.

आता ए. पी.च्या गाण्यांकडे. तबकड्यांवर त्याचं नाव गीतकार म्हणून छापलेलं असे, आणि लोक म्हणत, छे, ही तर पूर्वापार चालत आलेली लोकगीतं! दोन्ही अर्धवट खरं. ‘वाइल्डवुड फ्लॉवर’ हे १८६० साली छापलेलं बैठकीच्या खोलीतलं गाणं होतं. तोंडातोंडी डोंगरात जाताना त्याचे शब्द असे झिजले, की कार्टरांच्या पाठातली काही फुलं कुठल्याही वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात सापडायची नाहीत. जात्यावरच्या ओवीत एखादा शब्द आजीपासून नातीपर्यंत येताना निरर्थक होतो, तरी सूर त्याला सोडत नाही, तसंच हे. ‘सर्कल’ म्हणून ओळखलं जाणारं कार्टरांचं प्रसिद्ध गाणंही १९०७ सालच्या एका छापील प्रार्थनागीतावरून १९३५ मध्ये नव्याने बांधलेलं. जुनं गाणं ‘नवं’ करण्यामागे हिशेब होता. पीअरने व्हिक्टरकडून नाममात्र वेतन घेऊन गाण्यांचे स्वामित्वहक्क स्वतःकडे ठेवले होते. ज्या गाण्याला मालक नाही त्याचा त्याला उपयोग नव्हता. तेव्हा ए. पी.चं काम ठरलं: डोंगर पालथे घालायचे, गाणी गोळा करायची, डागडुजी करून आपल्या नावावर चढवायची.

मात्र ए. पी.ला चाली लक्षात राहत नसत. शब्द तो लिहून घेई, चालीचं काय? चाली लक्षात ठेवायला एक माणूस बरोबर असे. त्याचं नाव लेस्ली रिडल.

रिडल टेनेसीतल्या किंग्जपोर्टचा. काळा. सिमेंटच्या कारखान्यातल्या अपघातात त्याचा एक पाय गेला, आणि बंदुकीच्या अपघातात उजव्या हाताची दोन बोटं. उरलेल्या बोटांनी त्याने गिटार छेडायची स्वतःची रीत बसवली. १९२८ च्या सुमारास त्याची ए. पी.शी गाठ पडली आणि पुढली काही वर्षं दोघे हिंडले. दक्षिणेत काळ्या-गोऱ्यांनी एका टेबलाशी जेवणं हाही गुन्हा ठरावा असे ते दिवस. ए. पी. दार ठोठावी, रिडल बसून ऐके. एकदा ऐकलं की चाल त्याच्या डोक्यात पक्की. घरी परतल्यावर तो ती सारा-मेबेलला वाजवून दाखवी. मेबेल त्याच्या बोटांकडे बघत बसे. ‘कॅननबॉल’चं गाणं कार्टरांना त्याच्याकडूनच मिळालं. मेबेलचं गिटार अमेरिकेतल्या पुढच्या दोन पिढ्यांनी गिरवलं, आणि त्या शिकवणीत रिडलचा वाटा होता, हे मेबेलने मोकळेपणाने मान्य केलं. तबकडीवर मात्र त्याचं नाव नाही. चाळिशीच्या दशकात तो न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला गेला आणि त्याने गिटार विकून टाकलं. साठीच्या दशकात मेबेलच्या सांगण्यावरून लोकसंगीताचा अभ्यासक माइक सीगर त्याला शोधत गेला, म्हणून तो निदान इतिहासात तरी आहे.

ब्रिस्टलच्या त्या एकोणिसांतही एल वॉटसन हा एकच काळा कलाकार होता. तो माउथ ऑर्गन वाजवी, आणि त्याने व गोऱ्या जॉन्सन बंधूंनी तिथे एकमेकांना साथ केली. माडीवर एकत्र बसता येत होतं. तबकडी दुकानात आली की वाटा फुटत. काळ्यांचं गाणं ‘रेस’च्या यादीत, गोऱ्या डोंगराळ माणसाचं ‘हिलबिली’च्या. ‘रेस’ ही पाटी आपणच काढली असं पीअर सांगे, आणि ‘हिलबिली’ हे नावही १९२५ साली त्याच्याच स्टुडिओत एका संचाला चिकटलं. लोक एकमेकांचं ऐकत, एकमेकांकडून उचलत. याद्या मात्र दोन. या दोन याद्या ही मला त्या काळातली सगळ्यात यशस्वी दंतकथा वाटते, कारण तिच्यावर आजही विश्वास ठेवला जातो.

४ ऑगस्टला आलेल्या जिमी रॉजर्सला या याद्यांची फिकीर नव्हती. तबकडीवर संचाचं नाव काय घालायचं यावरून त्याचं आदल्या दिवशी साथीदारांशी फाटलं आणि तो एकटाच गिटार घेऊन गायला. पूर्वी रेल्वेत ब्रेकमन होता. क्षयाने ती नोकरी सुटली होती. ‘गाणारा ब्रेकमन’ म्हणून ब्रेकमनच्या टोपीतले त्याचे फोटो देशभर गेले तेव्हा त्याचा गाड्यांशी संबंध तिकिटापुरता उरला होता. रेल्वेचं खरं देणं वेगळंच होतं. रुळांची कामं करणाऱ्या काळ्या मजुरांना पोरवयात पाणी नेऊन देताना त्यांची गाणी त्याच्या कानात बसली होती. त्यांच्या ब्लूजवर त्याने यॉडेलिंग चढवलं आणि त्या मिश्रणाने अमेरिका वेडी झाली. मंदीच्या काळात खेड्यातला माणूस वाणसामानाबरोबर रॉजर्सची नवी तबकडी मागे, अशी तिकडे म्हणच आहे. आपल्याकडे किशोरकुमारने यॉडेलिंग उचललं ते जिमी रॉजर्स आणि टेक्स मॉर्टन यांच्या तबकड्यांवरून, असं सांगतात.

रॉजर्सची दंतकथा सगळ्यात लांब गेली ती पूर्व आफ्रिकेत. १९५० साली ह्यू ट्रेसी या संशोधकाने केनियातल्या किप्सिगिस मुलींचं एक गाणं मुद्रित केलं. त्यात ‘केमिरोचा’ नावाच्या कुणाला आळवलं आहे. मिशनऱ्यांच्या ग्रामोफोनवर ऐकलेल्या ‘जिमी रॉजर्स’चा तो अपभ्रंश, आणि ट्रेसीच्या म्हणण्याप्रमाणे हा केमिरोचा अर्धा माणूस नि अर्धा हरिण होता. मुलींनी खरंच तसं मानलं होतं की पाहुण्या संशोधकाला गोष्ट फार आवडली, हा प्रश्न विचारायलाच हवा.

रॉजर्स मे १९३३ मध्ये शेवटची गाणी मुद्रित करायला न्यूयॉर्कला गेला, तेव्हा स्टुडिओत खाट टाकली होती. दोन गाण्यांमध्ये तो तिच्यावर पडून राही. २४ तारखेला काम संपलं, २६ ला तो हॉटेलात वारला. वय पस्तीस. या गोष्टीला कुणी मीठमसाला लावलेला नाही. लावायची गरजही नव्हती.

आणखी एक नोंद इथेच करून ठेवतो. १६ जुलै १९३० रोजी हॉलिवूडमध्ये रॉजर्सने ‘ब्लू योडल’ मालिकेतलं नववं गाणं मुद्रित केलं. ट्रम्पेटवर लुई आर्मस्ट्राँग, पियानोवर त्याची पत्नी लिल. जॅझचा सम्राट आणि हिलबिलींचा पितामह एका खोलीत! तबकडीवर आर्मस्ट्राँगचं नाव छापलं नाही. यादी बिघडली असती.

हँक विल्यम्सविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्याच्याबद्दल थोडक्यात कुणी सांगतच नाही. १ जानेवारी १९५३ रोजी ओहायोतल्या कँटनच्या कार्यक्रमाला जाताना निळ्या कॅडिलॅकच्या मागच्या आसनावर तो मेला. वय एकोणतीस. मोटार चालवणारा कॉलेजातला पोरगा होता. वेस्ट व्हर्जिनियात ओक हिलला पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्या वेळी त्याची जी तबकडी बाजारात होती, तिच्या नावातच या जगातून आपण जिवंत सुटणार नाही असा आशय आहे. झालं! त्याला मरण आधीच दिसलं होतं, असं जग म्हणू लागलं. वास्तविक ते एक विनोदी गाणं. सहा महिने आधी मुद्रित झालेलं, आणि फ्रेड रोझबरोबर लिहिलेलं. हा रोझ मुरलेला व्यावसायिक गीतकार आणि प्रकाशक. हँकच्या कित्येक गाण्यांवर त्याचा हात फिरलेला आहे. ‘अडाणी अलौकिक प्रतिभा’ या गोष्टीत रोझ अडचणीचा, म्हणून त्याला बाजूला ठेवतात. अलाबामात पोरगेल्या हँकला गिटार शिकवणारा रूफस पेन हा काळा रस्त्यावरचा गवई मात्र हँकने स्वतः विसरू दिला नाही. आपली सगळी तालीम त्याची, असं तो सांगे. पेन १९३९ साली माँटगोमेरीत कंगाल अवस्थेत वारला होता.

आता नॅशव्हिल. तिथल्या डब्ल्यूएसएम केंद्रावरचा ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा शनिवार रात्रीचा कार्यक्रम म्हणजे कंट्रीवाल्यांची पंढरी. केंद्राची मालकी एका विमा कंपनीकडे होती; नावातली तीन अक्षरंसुद्धा लाखोंना संरक्षण देण्याच्या तिच्या घोषणेची आद्याक्षरं. शनिवारी गाणं ऐकलेल्या घराचं दार सोमवारी विम्याचा एजंट ठोठावी. कार्यक्रम चालवणारा जॉर्ज हे स्वतःला ‘गंभीर म्हातारा न्यायाधीश’ म्हणवून घेई. तो न्यायाधीश नव्हता, म्हाताराही नव्हता. सुरुवातीला जेमतेम तिशीचा होता. हंफ्री बेट हा खराखुरा डॉक्टर सुटाबुटात आपला संच घेऊन येई. हेने त्या संचाला ‘पॉसमचे शिकारी’ असं नाव दिलं. सुटाबुटातल्या वादकांच्या अंगावर डंगऱ्या चढल्या, फोटो शेतात निघू लागले. पीअरला डंगऱ्या दिसल्या होत्या, हेने त्या शिवून घेतल्या.

‘ग्रँड ओल ऑप्री’ या नावाची गोष्टही हेनेच सांगितलेली. डिसेंबर १९२७ मधला शनिवार. आधीच्या कार्यक्रमात न्यूयॉर्कहून वॉल्टर डॅमरॉशने अभिजात संगीत ऐकवलं होतं, त्यात आगगाडीचा वेग दाखवणारी एक रचना होती. त्यानंतर हेने आपल्या माणसाला पुढे बोलावलं. त्याने माउथ ऑर्गनवर पॅन अमेरिकन एक्स्प्रेस काढली: शिट्टी, वाफ, रुळांचे सांधे, पुलाखालचा घुमारा, सगळं. ती थांबल्यावर हे म्हणाला, तासभर तुम्ही ग्रँड ऑपेरा ऐकलात, आता ऐका ग्रँड ओल ऑप्री.

आगगाडी काढणारा तो माणूस डिफोर्ड बेली. जन्म १८९९. लहानपणी पोलिओ झालेला, उंची पाच फुटांहूनही कमी. घराण्यात फिडल आणि बँजो पिढीजात. आपलं संगीत काळ्यांचं हिलबिली संगीत आहे, असं तो स्वतः म्हणे. त्याच्यापुरत्या दोन याद्या नव्हत्याच. घराजवळच्या पुलाखाली उभं राहून त्याने गाडी ऐकली होती. १९२८ साली ऑप्रीच्या बावन्न कार्यक्रमांपैकी एकोणपन्नासांत तो होता. इतका कुणीच नव्हता. रॉय एकफसारखे नवे गायक त्याला दौऱ्यावर बरोबर नेत, कारण गर्दी बेलीच्या नावावर जमे. रात्री ज्या हॉटेलात ते उतरत तिथे बेलीला खोली मिळत नसे.

१९४१ साली ऑप्रीने त्याला काढलं. हेने १९४५ च्या आपल्या पुस्तिकेत कारण दिलं: बेली आळशी होता, नवे तुकडे शिकेना, आणि या आळसाचा संबंध त्याच्या वंशाशी जोडायलाही तो विसरला नाही. खरी गोष्ट हिशेबाची होती. गीतकारांच्या ॲस्कॅप या संघटनेने रेडिओकडून जास्त पैसे मागितले. रेडिओवाल्यांनी बीएमआय ही स्वतःची संस्था उभी केली आणि जानेवारी १९४१ पासून ॲस्कॅपकडची गाणी वाजवणंच बंद केलं. बेलीचे सगळे गाजलेले तुकडे ॲस्कॅपकडे नोंदलेले होते. लोकांना हवे होते ते वाजवायचे नाहीत, आणि लोकांना नको होते ते शिकायचे, असा तो हुकूम. त्याच वर्षाच्या अखेरीस तंटा मिटला. बेलीला परत कुणी बोलावलं नाही. त्याने नॅशव्हिलमध्येच बूटपॉलिशचं दुकान चालवलं. ‘आळशी’ माणसाने तीसेक वर्षं लोकांचे बूट चमकवून संसार केला.

१९७० च्या ऑक्टोबरमध्ये जॉनी कॅशने दूरचित्रवाणीवरच्या आपल्या कार्यक्रमात थकलेल्या आर्मस्ट्राँगला बोलावलं. रॉजर्सबरोबर ती तबकडी केलीत ना, असं त्याने सगळ्यांसमोर विचारलं आणि दोघांनी मिळून ते गाणं पुन्हा गायलं-वाजवलं. तुरुंगाची आरोळी ज्याच्या नावावर खपली, त्याच कॅशने चाळीस वर्षांपूर्वी वगळलेलं नाव असं मोठ्याने घेतलं. जागा होती नॅशव्हिलचं राइमन सभागृह, ऑप्रीचं तेव्हाचं घर. बेली त्याच शहरात राहत होता.

कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये जॉर्ज हेचं नाव १९६६ साली लागलं. डिफोर्ड बेलीचं लागलं २००५ साली. बेली वारल्याला तेव्हा तेवीस वर्षं झाली होती.